जेवणानंतरचे दोन तास

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ या सर्जनने थेरेसे हेलर नावाच्या ४३ वर्षांच्या बाईच्या जठराचा खालचा भाग कापून काढला. त्या भागात कर्करोगाची गाठ होती. उरलेलं जठर त्याने लहान आतड्याच्या तोंडाशी शिवलं. याआधी दोघांनी हे करून पाहिलं होतं, १८७९ मध्ये पेआं यांनी पॅरिसला आणि १८८० मध्ये रिडिगियर यांनी. ते दोन्ही रुग्ण दगावले होते. हेलरबाई उठून बसल्या, जेवल्या, जेवलेलं पचलंही. काही महिन्यांनी कर्करोगानेच त्यांचा जीव घेतला, पण एक गोष्ट सिद्ध झाली होती. माणसाचं जठर कापता येतं आणि तरी माणूस जगतो.

पुढच्या सोळा वर्षांत मजल पूर्ण जठर काढण्यापर्यंत गेली. १८९७ मध्ये झ्युरिकला कार्ल श्लाटर यांनी एका बाईचं अख्खं जठर काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. ती बाई त्यानंतर वर्षभराहून जास्त जगली. त्या काळी प्रश्न एकच होता: रुग्ण टेबलावरून जिवंत उतरेल का? जेवल्यानंतर दोन तासांनी त्याला कसं वाटेल, हा प्रश्न विचारण्याची चैन तेव्हा कुणालाच परवडणारी नव्हती.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. दिवसभर सर्व्हरवर कुठून किती ट्रॅफिक येतंय आणि कुठे तुंबतंय हे बघणं माझं काम. तरीही गेली काही वर्षं मी या दोन तासांचा इतिहास वाचतेय. आमच्या घरात दोन पिढ्यांत दोन माणसांची पोटं कापली गेली, चाळीसेक वर्षांच्या अंतराने आणि अगदी वेगळ्या कारणांसाठी. त्रास मात्र दोघांना एकच झाला. पहिल्याच्या वेळी डॉक्टरांना तो माहीत होता. दुसऱ्याच्या वेळी नव्हता. हे उलटं कसं झालं, ते मला समजून घ्यायचं होतं.

जठर म्हणजे पिशवी नव्हे, फाटक

शाळेच्या पुस्तकात जठर म्हणजे अन्न घुसळणारी पिशवी. ते खरं आहे, पण अर्धवट आहे. जठराच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक कडं असतं, पायलोरस. हे जठराचं फाटक. जेवण कितीही भरभर केलं तरी पातळ झालेला घास हे फाटक थोडा थोडाच पुढे सोडतं. मिनिटाला साधारण एक ते चार किलोकॅलरी, त्याहून जास्त नाही. आमच्या क्षेत्रात याला रेट लिमिटर म्हणतात: बाहेर कितीही गर्दी असो, आत ठरावीक वेगानेच सोडायचं.

हा वेग इतका महत्त्वाचा का, ते कळायला एक साधा हिशोब पुरतो. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर डेसिलिटरला ९० मिलिग्रॅमच्या आसपास. गुणाकार केला तर अख्ख्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम साखर भरते. म्हणजे एक चहाचा चमचा. मेंदू त्या चमच्यावर चालतो. उसाच्या रसाच्या एका ग्लासात त्याच्या कितीतरी पट साखर असते, आणि तरी रस प्यायल्यावर आपल्याला काही होत नाही, कारण फाटक ती हप्त्याहप्त्याने सोडतं आणि स्वादुपिंड त्या बेताने इन्शुलिन बनवतं.

आता फाटक काढून टाका. सगळी साखर एकदम आतड्यात पडते. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात रक्तातली साखर उंच उडी मारते. शरीर घाबरून भरमसाठ इन्शुलिन सोडतं. तोवर आतड्यातली साखर संपलेली असते, इन्शुलिन मात्र रक्तात फिरतच असतं. मग एक ते तीन तासांच्या दरम्यान साखर जोरात खाली येते. घाम, थरथर, छातीत धडधड, पोटात आग लागल्यासारखी भूक. त्याहून खाली गेली की शब्द सापडेनासे होतात, नजर धूसर होते आणि माणूस कोसळतो.

नाव सापडायला चाळीस वर्षं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोटाच्या शस्त्रक्रिया वाढल्या त्या मुख्यतः अल्सरमुळे. जठरातला किंवा आतड्याच्या सुरुवातीचा तो जखमेचा खड्डा फुटला की माणूस जायचा, आणि पोटात आम्ल तयार होणं थांबवणारं औषध नव्हतं. मग जठराचा भाग कापा, नाहीतर जठर आणि आतड्यात नवा रस्ता काढा. या नव्या रस्त्याने फाटक टळायचं.

१९१३ मध्ये लंडनच्या आर्थर हर्ट्झ यांनी अशा शस्त्रक्रियांनंतरच्या त्रासांवर लिहिलं. जठर फार भराभर रिकामं होतं आणि त्यामुळे रुग्णाला जेवल्यावर अस्वस्थ वाटतं, हे त्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने मांडलं. १९२२ मध्ये मिक्स या अमेरिकन डॉक्टरांनी त्याला 'डंपिंग स्टमक' म्हटलं. ट्रकने खडी ओतावी तसं अन्न ओतणारं पोट. शब्द ओबडधोबड होता, पण तो टिकला.

याच १९२२ सालच्या जानेवारीत टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. मधुमेहाची मुलं मरणाच्या दारातून परत येऊ लागली. सोबत डॉक्टरांनी एक नवीन दृश्यही पाहिलं. डोस जास्त झाला की रुग्ण घामाघूम होतो, बरळतो, बेशुद्ध पडतो, आणि साखर दिली की मिनिटांत भानावर येतो. साखर कमी होते तेव्हा माणूस कसा दिसतो, हे वैद्यकाला इन्शुलिनच्या बाटलीने शिकवलं.

एकदा ते दृश्य ओळखीचं झाल्यावर ते इतरत्रही दिसू लागलं. अलाबामातले सील हॅरिस यांनी १९२४ मध्ये लिहिलं की कधीही इन्शुलिन न टोचलेल्या काही माणसांमध्येही अगदी हीच लक्षणं दिसतात. म्हणजे शरीर स्वतःच जास्त इन्शुलिन बनवत असावं. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कचे सर्जन ॲलन व्हिपल यांनी ओळखण्याची तीन कलमी कसोटी दिली: लक्षणं हवीत, त्याच वेळी मोजलेली साखर कमी हवी, आणि साखर दिल्यावर लक्षणं जायला हवीत. आजही हीच कसोटी वापरतात. तिच्यातलं 'त्याच वेळी' लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं अडतं.

उपायही तेव्हाच सुचू लागले. १९३६ मध्ये मिशिगनच्या जेरोम कॉन यांनी दाखवलं की अशा रुग्णांना साखर देत राहण्यापेक्षा प्रथिनं जास्त असलेला आहार बरा, कारण प्रथिनांमुळे साखरेची उसळी येत नाही आणि उसळी नाही तर आपटीही नाही. आणि १९४२ मध्ये एका स्कँडिनेव्हियन वैद्यकीय नियतकालिकाची पुरवणी म्हणून एव्हेन्सेन यांचा अख्खा प्रबंध आला. त्याचा विषयच होता पोटाच्या शस्त्रक्रियांनंतर जेवणामुळे कमी होणारी साखर, आणि जठर किती वेगाने रिकामं होतं याचा तिच्याशी असलेला संबंध.

म्हणजे १९४२ पर्यंत लक्षणं, कारण, वेळ आणि बराचसा उपाय कागदावर आलेला होता. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पोटाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनसाठी हे रोजचं ज्ञान झालं. जेवल्यावर लगेच, दहा ते तीस मिनिटांत होतं ते 'अर्ली डंपिंग'. त्यात अन्नाने ओढलेल्या पाण्यामुळे आतडं फुगतं. एक ते तीन तासांनी होतं ते 'लेट डंपिंग'. त्यात साखर पडते. रुग्णाला घरी पाठवताना सांगायचं: थोडं थोडं खा, कोरडं खा, जेवताना पाणी नको, गोड नको, जेवल्यावर जरा आडवे व्हा.

आबांची वामकुक्षी

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कंडक्टर होते. अल्सर फुटून त्यांचं ऑपरेशन झालं ते १९७४ साली. भारतात तेव्हा अल्सर घरोघरी ऐकू यायचा. म्हैसूरच्या मिशन हॉस्पिटलात अनेक वर्षं काम केलेले ब्रिटिश सर्जन फ्रँक टोवी यांनी तर देशात कुठे काय खातात आणि कुठे अल्सर जास्त आहे याची तुलनाच मांडली होती. भात खाणाऱ्या भागांत तो गहू खाणाऱ्या भागांपेक्षा जास्त दिसतो, असं त्यांचं निरीक्षण होतं.

आबांना मी ओळखायला लागले तोवर ते निवृत्त झाले होते. त्यांच्या काही सवयी घरात स्वभाव म्हणून खपून गेल्या होत्या. ताटात आधी पिठलं किंवा उसळ, मग अर्धी भाकरी, भात शेवटी आणि चारच घास. जेवताना पाण्याचा तांब्या लांब. लग्नात श्रीखंड वाढायला कुणी आलं की ताटावर आडवा हात. जेवण झालं की वीस मिनिटं वामकुक्षी. ती चुकली तर दुपारभर कुरकुर. आणि सदऱ्याच्या खिशात खडीसाखरेची पुडी. आम्हा नातवंडांना ती लाडाची वाटायची, कारण मागितली की एक खडा मिळायचा.

ती पुडी लाडाची नव्हती. आबांना त्यांच्या सर्जनने १९७४ साली जे सांगितलं होतं ते त्यांनी मरेपर्यंत तंतोतंत पाळलं, एवढंच. कारण सांगायची त्यांना कधी गरज वाटली नाही. 'ऑपरेशनवाल्याने असंच करायचं असतं' हे त्यांचं एका ओळीचं स्पष्टीकरण होतं.

औषध आलं, आठवण गेली

आबांच्या ऑपरेशननंतर दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, ब्रिटनमध्ये सिमेटिडीन हे औषध बाजारात आलं. पोटातलं आम्ल गोळीने कमी होऊ लागलं. ते शोधणाऱ्यांपैकी जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. पाठोपाठ ओमेप्राझोल आलं. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी अल्सरमागचा जिवाणू वाढवून दाखवला. अल्सर हा अँटिबायोटिक्सने बरा होणारा आजार ठरला. जी शस्त्रक्रिया सर्जनच्या शिक्षणाचा कणा होती, ती वीस वर्षांत दुर्मीळ झाली.

ही चांगलीच बातमी होती. पण एखादं ऑपरेशन थांबतं तेव्हा त्याच्याभोवतीची जाणही हळूहळू थांबते. पाठ्यपुस्तकातून डंपिंगचा परिच्छेद कुणी काढला नाही. तो फक्त न वाचला जाणारा परिच्छेद झाला. ज्यांनी असे शंभर रुग्ण पाहिले होते ते डॉक्टर निवृत्त झाले. आमच्याकडे जुन्या कोडमध्ये एखादी कॉमेंट असते: 'ही ओळ काढू नका, काढली तर दोन तासांनी सिस्टिम पडते'. लिहिणारा कंपनी सोडून गेलेला असतो. मग एक दिवस कुणीतरी नवीन गरजेसाठी तीच ओळ काढतं.

ती नवीन गरज आधीच जन्माला आली होती, आणि गंमत म्हणजे अल्सरच्याच पोटी. आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांना दिसलं होतं की अल्सरसाठी जठर कापलेल्या बायका बारीक राहतात, त्यांना वजन वाढवणं जड जातं. मग अति लठ्ठ माणसांसाठी हेच मुद्दाम का करू नये? १९६६ मध्ये त्यांनी पहिलं गॅस्ट्रिक बायपास केलं, आणि १९६७ मध्ये चिकाशी इटो यांच्यासोबत त्यावर लेख लिहिला. १९९४ मध्ये ते दुर्बिणीतून करता येतं हे दाखवलं गेलं. त्यानंतर त्याचा झपाट्याने प्रसार झाला.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिकडे जात नाही. फाटकही तिकडेच राहतं. वजन उतरतं, अनेकांचा मधुमेह आटोक्यात येतो, आयुष्य वाढतं. गोड खाल्ल्यावर गरगरणं हा या ऑपरेशनचा तोटा नसून फायदाच आहे, असंही सर्जन म्हणायचे. त्या भीतीने तरी लोक गोड टाळतील!

२००५

या इतिहासात २००५ हे साल विलक्षण आहे. त्या वर्षी मार्शल आणि वॉरेन यांना नोबेल मिळालं. अल्सरच्या शस्त्रक्रियेच्या युगावर पडदा पडला म्हणा ना. आणि त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या जॉन सर्व्हिस आणि सहकाऱ्यांनी एका नामांकित अमेरिकन नियतकालिकात सहा रुग्णांची हकिगत छापली. सगळ्यांचं बायपास झालेलं. सगळ्यांना जेवल्यानंतर साखर पडून मेंदूवर परिणाम होण्याइतका त्रास. त्यांच्या स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी वाढल्यासारख्या दिसल्या, म्हणून स्वादुपिंडाचा भाग कापून काढला होता. बोस्टनच्या मेरी-एलिझाबेथ पॅटी आणि सहकाऱ्यांनीही त्याच वर्षी तीन रुग्णांबद्दल लिहिलं.

जगभरच्या डॉक्टरांचे कान टवकारले. अनेकांसाठी हा नवा आजार होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने त्याच ऊतींची मोजणी करून आक्षेप घेतला: पेशी खरोखर वाढलेल्या नाहीत, दोष स्वादुपिंडाचा नसावा. मग कुणाचा?

उत्तर फाटकाकडेच नेत होतं, फक्त मधे एक नवी कडी होती. तोंडाने घेतलेली साखर शिरेतून दिलेल्या साखरेपेक्षा जास्त इन्शुलिन उकळते, हे १९६४ मध्येच दिसलं होतं. म्हणजे आतडं स्वादुपिंडाला काहीतरी निरोप पाठवतं. १९८० च्या दशकात त्यातला एक निरोप्या सापडला, जीएलपी-१ नावाचं संप्रेरक. आतड्याच्या पुढच्या भागात एकदम साखर येऊन आदळली की त्याचा पूर येतो, आणि बायपासमध्ये नेमकं तेच घडतं.

२०१० मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी नोंदवलेला एक प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो. बायपासनंतर साखर पडणाऱ्या एका रुग्णाच्या बाजूला टाकलेल्या जुन्या जठरात त्यांनी नळी बसवली. तोच आहार तोंडाने दिला की साखर उसळून पडायची. नळीतून जुन्या जठरात दिला, म्हणजे फाटकातून गेला, की काही नाही. माणूस तोच, स्वादुपिंड तेच, अन्न तेच. बदलला फक्त रस्ता. एव्हेन्सेन यांनी हे वाचलं असतं तर त्यांना नवल वाटलं नसतं.

उपाशीपोटीचा रिपोर्ट

माझी आत्या, आबांची लेक, तिचं बायपास २०१७ मध्ये झालं. अडतीस किलो वजन उतरलं, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, गुडघे बोलायचे थांबले. ऑपरेशनने तिला खरोखर नवं आयुष्य दिलं आणि ती आजही ते पुन्हा करेन म्हणते.

दीडेक वर्षाने तिला 'ते' व्हायला लागलं. अकरा-साडेअकराला घाम, हातपाय कापणं, कुणाचं तरी बोलणं लांबून ऐकू येणं. एकदा स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून ती फुटपाथवर बसून राहिली, घरचा पत्ता आठवेना. तीन ठिकाणी दाखवलं. दर वेळी रक्त तपासलं, दर वेळी सकाळी उपाशीपोटी. ८८, ९१, ८६. तीन महिन्यांची सरासरीही उत्तम. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन कमी करा, या वयात होतं असं." एकाने झोपेची गोळी लिहून दिली.

कुणी दुष्ट नव्हतं. फक्त सगळे अशा वेळी मोजत होते जेव्हा काही घडतच नव्हतं. दिवसाला एकदा, पहाटे तीन वाजता सर्व्हरचा लोड बघून 'दुपारी वेबसाईट पडते' ही तक्रार खोटी ठरवण्यासारखं ते होतं. आणि सरासरी तर अशा वेळी सर्वांत जास्त फसवते, कारण वरची उसळी आणि खालची आपटी एकमेकींना झाकतात.

चौथ्या डॉक्टर वयस्कर होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवल्यावर किती वेळाने होतं?" मग दंडावर चिकटवायचा सेन्सर दिला. तो दर काही मिनिटांनी साखर टिपतो आणि चौदा दिवस चालतो. फोनवर आलेला आलेख मी आणि आत्या एकत्र बघत बसलो होतो.

"हा डोंगर कसला गं, आत्या? दहा वाजताचा?"

"एकादशी होती ना. खिचडी खाल्ली साबुदाण्याची. वाटीभरच, शपथ."

पाऊण तासात २१४. पावणेदोन तासांनी ५१. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने तेव्हा बोटाला टोचूनही पाहिलं होतं, कारण खालच्या आकड्यांना सेन्सर चुकू शकतो. ग्लुकोमीटरवर ५३. ७० च्या खाली म्हणजे सावध व्हा, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. लक्षणं, त्याच वेळचा आकडा, आणि ग्लुकोज घेतल्यावर पंधरा मिनिटांत बरं वाटणं. व्हिपल यांची तीनही कलमं आमच्या स्वयंपाकघरात पूर्ण झाली.

डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी दिलेला कागद वाचताना आत्या मधेच थांबली आणि म्हणाली, "हे तर आबांचं ताट आहे."

ताटात काय, खिशात काय

उपचारांची पहिली पायरी आजही ताटच आहे. दिवसात दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. आधी प्रथिनं: उसळ, पनीर, अंडं, मासा. मग भाज्या. पिष्टमय पदार्थ शेवटी आणि मोजून, एका वेळी साधारण तीस ग्रॅमपर्यंत, तेही भाकरीसारखे सावकाश पचणारे. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी, ताक, सार नको, कारण पातळ पदार्थ घास आणखी वेगाने पुढे ढकलतात. उसाचा रस, सरबत, शिरा, साबुदाणा यांना रामराम. दारू नको. आत्याने एकादशी सोडली नाही, पण खिचडी सोडली. आता वरीच्या तांदळाचे दोन घास आणि दाण्याच्या आमटीतले दाणे भरपूर.

साखर पडलीच तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. इथे या आजाराची एक खास मेख आहे. घाबरून वाटीभर साखर खाल्ली तर ती नवीन उसळी ठरते आणि दोन तासांनी पुन्हा आपटी येते. म्हणून मोजूनच घ्यायचं, आणि सावरल्यावर मूठभर दाणे किंवा चीजचा तुकडा असं काही प्रथिनयुक्त खायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्स बोलवायची. साखर पडल्यासारखं वाटत असताना गाडी चालवायची नाही.

ताटाने भागलं नाही तर औषधं आहेत. अकार्बोज हे मधुमेहासाठी बनवलेलं औषध पिष्टाचं पचन हळू करतं. एका अर्थी ते रसायनाचं फाटक. ते घेणाऱ्याने खिशात खडीसाखर ठेवून उपयोग नाही, कारण ते नेहमीच्या साखरेचं पचनही अडवतं. त्याला केमिस्टकडची ग्लुकोज पावडरच लागते. आबांची पुडी आणि आत्याची डबी यांत एवढाच फरक पडलाय. याखेरीज डायझॉक्साइड आणि ऑक्ट्रिओटाइड ही इन्शुलिन रोखणारी औषधं आहेत. यातलं कुठलं कुणाला, हे डॉक्टरच ठरवतील.

आणखी एक औषध चाचण्यांमधून गेलं त्याची कथा मजेशीर आहे. न्यूयॉर्कच्या जॉन एंग यांना १९९२ मध्ये गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात जीएलपी-१ सारखा वागणारा रेणू सापडला. त्यातून मधुमेहाचं औषध बनलं आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली २००५ मध्ये. पुन्हा तेच साल. त्या रेणूचा एक तुकडा मात्र उलटं करतो, जीएलपी-१ ची जागा अडवतो. बायपासनंतर साखर पडणाऱ्यांना तो देऊन पाहिला तेव्हा ती पडायची थांबली. निरोप्याला दारातच अडवणारा पहारेकरी.

पुन्हा तेच?

जीएलपी-१ ची नक्कल करणारी वजन उतरवणारी इंजेक्शनं आता सगळीकडे गाजताहेत. त्या संप्रेरकावरच्या कामासाठी जोएल हॅबेनर, स्वेतलाना मोइसोव आणि लोटे नुडसेन यांना २०२४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. आता ऑपरेशन कशाला, असं लोक विचारू लागलेत. कदाचित दहा-वीस वर्षांत बायपास हे अल्सरच्या ऑपरेशनसारखं जुनं होईल. झालं तर आनंदच आहे.

पण तेव्हा काय होईल ते आपण एकदा पाहिलंय. ऑपरेशन मागे पडतं, ऑपरेशन झालेली माणसं मागे पडत नाहीत. ती पुढची तीस-चाळीस वर्षं रोज जेवत असतात. आत्या आता एक्कावन्न वर्षांची आहे. ती सत्तरीत कुठेतरी घामाघूम होऊन पोचेल तेव्हा समोरच्या तरुण डॉक्टरने आयुष्यात एकही बायपास पाहिलेलं नसेल. तो नीट शिकलेला असेल, प्रेमळही असेल, आणि सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला सांगेल.

म्हणून आम्ही एक कार्ड केलंय. आत्याच्या पर्समध्ये असतं आणि फोनच्या लॉक स्क्रीनवरही. त्यावर ऑपरेशनचं नाव आणि वर्ष आहे, आणि खाली मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत दोन ओळी: 'जेवणानंतर एक ते तीन तासांत साखर पडते. उपाशीपोटीचा रिपोर्ट नॉर्मलच येईल, आत्ता मोजा.'

तुमच्या घरात कुणाचं पोटाचं ऑपरेशन झालं असेल, अल्सरचं, कर्करोगाचं, वजनाचं, कितीही जुनं, आणि जेवणानंतर दोनेक तासांनी त्यांना 'कसंतरीच' होत असेल, तर घड्याळ बघा आणि त्याच वेळी बोटाला टोचा. आकडा कमी आला तर तो वेळेसकट लिहून डॉक्टरांकडे न्या, आणि ऑपरेशनचा जुना कागद सापडला तर तोही सोबत ठेवा.